देवळालीचा ताप आणि बसची वाट

इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डोके फिरलेल्या माणसाला उद्देशून तो वापरतात. हा शब्द आला आपल्या देवळालीवरून. ब्रिटिश अमदानीत नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी इथल्या छावणीत थांबत. जहाजे साधारणपणे थंडीच्या दिवसांतच सुटत. ज्याची मुदत त्यानंतर संपे, त्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. काम नाही, घर नाही, नुसती वाट पाहणे. त्यातून अनेकांचे मन बिघडे. त्या अवस्थेला सैनिक 'डूलॅली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

त्याच देवळाली कॅम्पचे नाव पुढे झाले ते मात्र चांगल्या हवेसाठी. मुंबईची कुटुंबे हवापालटाला इथे येऊ लागली, सॅनिटोरियम उभी राहिली. वाट पाहणे आणि हवा हे दोन विषय असे या गावाच्या नावाशीच जोडलेले आहेत. कुठल्याही गावात बसमार्ग वाढवायचा प्रस्ताव आला, की रहिवासी आणि नियोजनकार यांच्यातला वादही या दोन विषयांभोवतीच फिरतो. कुणाला दारातून जाणाऱ्या बसचा धूर नको असतो, तर कुणाचा थांब्यावर जाणारा तास वाचायला हवा असतो.

रहिवाशांचा पहिला आक्षेप धुराचा असतो आणि तो खोटा नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केला. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दमा त्यामुळे बळावतोच, शिवाय हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. या कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, असे आपले राष्ट्रीय मानक सांगते; जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस फक्त 5 ची आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत नाशिकही आहे.

पण हिशेब एका बसचा करून भागत नाही. चाळीस माणसे एका बसने गेली नाहीत, तर ती घरी बसत नाहीत. दुचाकी, रिक्षा आणि मोटारींतून त्याच रस्त्याने जातात. बस सीएनजीवर चालत असेल, तर जुन्या डिझेल बसच्या तुलनेत सूक्ष्म कण फार कमी निघतात. धूर सर्वांत दाट असतो तो रस्त्याच्या कडेला. शे-दोनशे मीटरवर तो बराच विरळ होतो. म्हणूनच 'बस हवी की नको' यापेक्षा 'थांबा कुठे आणि उभ्या बसचे इंजिन बंद असते का' हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. आवाजाचेही तसेच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा 50 आणि रात्री 40 आहे. शेवटच्या थांब्याची जागा ठरवताना हे आकडे टेबलावर असायला हवेत.

दुसरा आक्षेप अपघाताचा. त्यासाठी पुण्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. बससाठी राखीव मार्गिका रस्त्याच्या मधोमध होती. थांबाही तिथेच. म्हणजे बस पकडायची तर धावती वाहने चुकवत अर्धा रस्ता ओलांडायचा. अपघात झाले, नागरिक संतापले. मात्र अनेक जागरूक पुणेकरांनी बसला विरोध केला नाही. त्यांनी पदपथ, सुरक्षित ओलांडणी आणि सायकल मार्ग मागितले. दिल्लीत तर बीआरटीविरुद्धचा वाद उच्च न्यायालयात गेला. 2012 मध्ये याचिका फेटाळली गेली, तरी 2016 मध्ये तो मार्ग उखडण्यात आला. खटला जिंकूनही योजना टिकली नाही, कारण रस्त्यावरची माणसे तिच्या बाजूने उभी राहिली नाहीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. 1953 मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात आढळले. व्यायाम आणि हृदय यांचे नाते आकड्यांनी दाखवणारा हा पाया घालणारा अभ्यास. प्रवाशालाही असाच फायदा होतो. अमेरिकेतील 2005 च्या एका पाहणीत सार्वजनिक वाहनाने जाणारे लोक थांब्यापर्यंतच्या जाण्या-येण्यात मध्यगा काढता रोज 19 मिनिटे चालत होते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर जे चालायला सांगतात, त्यातला मोठा वाटा बस न सांगता करून घेते. अर्थात, त्यासाठी चालण्याजोगा पदपथ हवा.

शिवाय काही माणसांना बसवाचून पर्यायच नसतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारा रुग्ण, तपासणीला निघालेली गरोदर बाई, औषधे आणायला जाणारे आजोबा. रिक्षाचे भाडे परवडत नाही म्हणून फेरतपासणी चुकते, औषध अर्ध्यावर सुटते. ही माणसे हरकती-सूचनांच्या सुनावणीला सहसा नसतात, कारण तिथे पोहोचायलाही बसच लागते.

देवळाली कॅम्पच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. 8 जुलै 2021 रोजी सुरू झालेली सिटीलिंक सेवा नाशिक महापालिकेची. कॅम्पचा कारभार मात्र छावणी परिषदेकडे आणि शेजारच्या भगूरचा नगरपरिषदेकडे. ज्यांची बस, त्यांच्या सभागृहात इथल्या प्रवाशाने निवडून दिलेला सदस्य नाही. अशा ठिकाणी प्रश्न विचारणे ही कटकट नव्हे, गरज आहे.

तेव्हा विरोध करण्याआधी रहिवाशांनी नियोजनकारांना पाच गोष्टी जरूर विचाराव्यात. बस कोणत्या इंधनावर चालेल? थांबा शाळा-दवाखान्याच्या दारापासून किती अंतरावर असेल? रस्ता ओलांडायची सोय काय? थांब्यावर सावली आणि बसायला बाक आहे का? आणि दोन बसमध्ये किती मिनिटांचे अंतर राहील? हा शेवटचा प्रश्न विसरू नये. नुसती वाट पाहण्याने माणसाचे काय होते, हे देवळालीने फार पूर्वी पाहिले आहे.