काडीमोडीचा कागद कोर्टात टिकतो का?

मुखेड, किनवट, अहमदपूर, जळकोट या भागातले बंजारा तांडे तुम्हाला माहीत आहेत. तांड्याचा कारभार नायक आणि कारभारी बघतात. भांडण झालं की नसाब बसते. दोन्ही बाजू बोलतात, जाणते ऐकतात, निवाडा होतो. वकील नाही, तारीख नाही. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं ‘दारे’ असंच बसतं. पण तिथे १९९० च्या कायद्याने पारंपरिक प्रमुखांच्या कोर्टांना अधिकार दिले. आपल्याकडे जातपंचायतीला कोर्टाचा दर्जा नाही.

मग पंचांसमोर झालेल्या काडीमोडीचं काय? इथे नीट लक्ष द्या. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २९(२) रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क जपतं. म्हणजे रीत कायद्याला मान्य आहे. मात्र ती समाजात दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळलेली हवी, अवाजवी नसावी. आणि हे सिद्ध करायचं ओझं रीत सांगणाऱ्यावर. (किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध या अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, तो विषय वेगळा.)

पंचांच्या हुकुमाचं मात्र तसं नाही. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही, असं मुंबई हायकोर्टाने १८७६ मध्येच शंभू रघूच्या खटल्यात सांगितलं.

समजा, एका बाईकडे पंचांच्या सह्यांचा स्टॅम्पपेपर आहे. तिनं दुसरं लग्न केलं. दहा वर्षांनी तो नवरा वारला. दीर म्हणतो, ‘तुझं पहिलं लग्न मोडलंच नव्हतं, शेतात वाटा नाही.’ आता आपल्या समाजात अशी रीत आहे, हे तिनं जुन्या उदाहरणांनी आणि साक्षीदारांनी दाखवायचं. ते जाणते तोवर हयात असतील का?

म्हणून दोघं राजी असतील तर कलम १३-ब खाली संमतीने घटस्फोट घ्या. काडीमोड आधीच झाली असेल, तर ती वैध असल्याची घोषणा कोर्टाकडून करून घ्या. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कोर्टात गेली म्हणून वाळीत टाकलं तर? राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पंचांनी समेट घडवावा, जरूर घडवावा. लग्न मोडल्याचा कागद मात्र कोर्टाचाच असू द्या.