शितावरून भाताची परीक्षा नेहमीच होते का?

लातूरच्या आडत बाजारात तुरीची गाडी उतरली की खरेदीदार एकाच पोत्यात हात घालून भाव करत नाही. चार-सहा पोत्यांत सळई खुपसून माल काढतो, तळहातावर पसरतो, मग बोलतो. औषधाच्या आणि तपासणीच्या बाबतीत मात्र आपण एका शितावर भात जोखतो. "शेजारच्या काकूंना त्या मुळीने गुण आला," एवढे आपल्याला पुरते. काकूंना गुण आला असेलही. पण तीच मुळी घेऊन गुण न आलेल्या दहाजणींना कोणी विचारले?

डॉक्टर मंडळींनी यावर एक रीत बसवली आहे. एकाच प्रश्नावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास शोधायचे, त्यांतले नीट झालेले निवडायचे आणि त्यांचा मिळून एक हिशेब मांडायचा. आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या लेकीबाळींच्या जिवाचे आहे.

गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कर्करोग खेड्यांतल्या बायकांना फार छळतो. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, एक मोठा अभ्यास सुरू झाला. (१९८२ पर्यंत आपले लातूरही त्याच जिल्ह्यात होते.) बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. काही गटांत विषाणूची तपासणी झाली, काहींत पेशींची. काहींत पिशवीच्या तोंडाला सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहिले. उरलेल्या गटांत फक्त माहिती दिली. या शेवटच्या गटावरून पुढे वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते.

निकाल २००९ साली छापून आला. सुमारे आठ वर्षांत विषाणूच्या तपासणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, नुसत्या माहितीच्या गटात ६४. दोन्ही गटांतल्या बायकांची संख्या जवळपास सारखीच होती. तीही एकदाच केलेली तपासणी!

आम्लाच्या तपासणीचे मात्र घोडे अडले. तिच्या गटात मृत्यू १४ टक्क्यांनी कमी दिसले, पण आकडा डळमळीत होता. खरा फरक ४० टक्के घटीपासून २५ टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकत होता. आता सांगा, ही तपासणी कामाची की बिनकामाची? या एका अभ्यासावरून कोणालाच सांगता आले नसते.

पण तमिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात हीच तपासणी परिचारिकांनी केली, तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तिथे ३१ टक्क्यांनी. मग तिन्हींची सरासरी काढायची का? ती २७ येते. पण हे बरोबर नव्हे. ज्या अभ्यासाचा आकडा कमी डळमळतो, त्याच्या शब्दाला वजन जास्त द्यायचे. तसा ढोबळ हिशेब आम्ही मांडून पाहिला, तर घट २९ टक्क्यांच्या जवळपास आली, आणि तिचा डळमळीतपणाही पुष्कळ कमी झाला. उस्मानाबादचा एकटा आकडा खोटा नव्हता. तो एकटा होता, एवढेच.

इथे एक सावधगिरी हवी. ज्वारी आणि करडई एका मापात घालून कोणी भाव करत नाही. मुंबईत तपासणी चार वेळा झाली, इतर दोन ठिकाणी एकदाच. वेगळेपण लपवून बेरीज केली तर हिशेब गोड दिसतो, पण खरा नसतो. दुसरी खोड त्याहून वाईट आहे. ज्या अभ्यासात काहीच फायदा दिसला नाही, तो पुष्कळदा कपाटातच राहतो. म्हणून बेरीज करणाऱ्याने आधी कपाटे धुंडाळली का, हे जाणते लोक पहिल्यांदा विचारतात.

विषाणूच्या तपासणीचेही तसेच झाले. स्वीडन, नेदरलँड्स, इंग्लंड आणि इटली इथल्या चार अभ्यासांतल्या १,७६,४६४ स्त्रियांची माहिती २०१४ साली एकत्र करण्यात आली. पेशींच्या तपासणीपेक्षा विषाणूची तपासणी या कर्करोगापासून ६० ते ७० टक्के अधिक संरक्षण देते, असे दिसले. तेरणाकाठच्या गावांनी जे दाखवले, तेच दूरदेशीच्या बायकांतही आढळले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने वयाच्या तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, हीच तपासणी आधी करावी असे सुचवले. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. त्यामुळे लाजेचे कारण उरत नाही.

आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी ठेवली आहे. आम्ल लावल्यावर मिनिटभरात डाग दिसतो की नाही ते कळते. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पुष्कळदा तो आधीचा टप्पा असतो आणि तिथेच उपचार होऊन काम भागते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले किंवा अंगावरून घाण वास येणारे पाणी जाऊ लागले, तर मात्र तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता सरळ डॉक्टर गाठावा. तपासणीचा वार कोणता, ते गावच्या आशाताईंना विचारा. जाताना जाऊबाईंना आणि सासूबाईंनाही सोबत न्या.