वृद्धाश्रमातील निवासी सेवेविषयीच्या तक्रारी व त्यांची चौकशी : चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
वृद्धाश्रमातील निवासी व्यक्ती ही इतर तक्रारदारांपेक्षा मूलतः वेगळी असते. ग्राहक दुकान बदलू शकतो, रुग्ण दवाखाना बदलू शकतो. परंतु निवासी वृद्धाला ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच हातून जेवण, औषध आणि अंथरूण घ्यावे लागते. म्हणूनच तक्रार नसणे हा सेवा चांगली असल्याचा पुरावा ठरत नाही. अशा तक्रारींची चौकशी कोणत्या कायद्याच्या आधारे व कोणत्या पद्धतीने व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :
निराधारांच्या निवासी सेवेची या प्रदेशात मोठी परंपरा आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले, तर १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. या परंपरेमुळे सेवाभावी संस्थांविषयी समाजात आदर आहे. मात्र आदर आणि तपासणी या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा विस्तीर्ण व वनव्याप्त आहे. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. येथे मराठीबरोबरच गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली बोलणारे लोक राहतात. साहजिकच लेखी अर्जाची वाट पाहणारी यंत्रणा येथील निरक्षर, अमराठी भाषक वृद्धापर्यंत पोहोचत नाही.

कायदेशीर तरतुदी :
आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद कलम १९ मध्ये आहे. परंतु या कायद्यातील निर्वाह न्यायाधिकरण मुख्यतः मुले व वारसदार यांच्याकडून मिळावयाच्या निर्वाहासाठी आहे. संस्थेतील हेळसांडीच्या चौकशीची स्वतंत्र कार्यपद्धती त्यात स्पष्टपणे दिलेली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या सेवागृहांची नोंदणी व किमान मानके प्रस्तावित होती. तथापि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते विधेयक व्यपगत झाले.

तरीही मार्ग पूर्णतः बंद नाहीत. निवासी व्यक्ती दिव्यांग असल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार अत्याचार वा शोषणाची माहिती कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊ शकते. मारहाणीसारखा गुन्हा घडला असल्यास पोलिसांकडे जाता येते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइनही उपलब्ध आहे.

चौकशीची पद्धत :
पहिली पायरी सुरक्षिततेची. तक्रारदाराचे नाव संस्थेस न कळविणे आणि धोका असल्यास त्यास अन्यत्र हलविणे जबाबाच्याही आधी आवश्यक आहे. दुसरी पायरी म्हणजे पूर्वसूचनेशिवाय भेट. ही भेट जेवणाच्या वेळी किंवा रात्री दिल्यास रात्रपाळीत किती कर्मचारी हजर असतात व ताटात प्रत्यक्ष काय वाढले जाते हे दिसते. तिसरी पायरी एकांतातील संवादाची. व्यवस्थापकासमोर घेतलेला जबाब निरुपयोगी असतो. दुभाषीही संस्थेचा कर्मचारी नसावा.

चौथी पायरी नोंदींची पडताळणी. कोठारातील साठा, औषधांची नोंद, हजेरीपट व निवासींच्या वजनाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. विस्मृतीने ग्रासलेला वृद्ध बोलू शकला नाही तरी घटलेले वजन व अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा बोलतात. म्हणून वैद्यकीय तपासणी हा चौकशीचा अविभाज्य भाग असावा. शेवटी दोष एका कर्मचाऱ्याचा की अपुरे मनुष्यबळ व निधी यांचा, हे वेगळे करणे गरजेचे आहे. तीस वृद्धांमागे एकच सेविका असेल, तर तिला काढून टाकल्याने हेळसांड थांबत नाही. निष्कर्ष लेखी कळवून काही आठवड्यांनी फेरभेट दिल्याशिवाय चौकशी पूर्ण समजू नये.

अन्यत्रचा अनुभव :
तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. याउलट अमेरिकेत १९७८ पासून प्रत्येक राज्यात निवासी वृद्धांच्या तक्रारींसाठी लोकपाल ठेवणे बंधनकारक आहे. हे प्रतिनिधी तक्रारीची वाट न पाहता संस्थांना भेटी देतात.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वृद्धाश्रमातील चौकशी अर्जापासून नव्हे, तर भेटीपासून सुरू झाली पाहिजे. उपविभागीय अधिकारी, समाजकल्याण विभाग, वैद्यकीय अधिकारी व स्थानिक भाषा जाणणारे स्वयंसेवक यांची तालुकास्तरीय भेट समिती या दोन्ही जिल्ह्यांत उपयुक्त ठरेल. चांगल्या संस्थेला अशा भेटीचे भय नसते, उलट तिच्या सेवेची दखल घेतली जाते. ज्याला बाहेर जाता येत नाही, त्याच्यापर्यंत कायद्यानेच चालत जाणे आवश्यक आहे.