हेलियम, विजयदुर्ग आणि बंद पडलेले आयफोन

१८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला!’ सोबत किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा फोटो. हे कितपत खरं, ते बघूच. पण आधी एक प्रश्न. हेलियम सूर्यावर सापडला म्हणतात, तर तिथे जाऊन कुणी तो बाटलीत भरून आणला नव्हता. मग इतक्या वायूंच्या मिश्रणात हा एक वेगळा आहे, हे कळलं कसं?

त्यासाठी आधी मिश्रण म्हणजे काय ते नीट समजायला हवं. सोलकढी घ्या. नारळाचा रस आणि कोकमाचं आगळ. कुणाकडे आगळ जास्त, कुणाकडे रस दाट. प्रमाण घरागणिक बदलतं, तरी ती सोलकढीच. थोडा वेळ तशीच ठेवली तर थर वेगळे व्हायला लागतात. समुद्राचं पाणीही मिश्रणच. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यात मीठ सर्वांत जास्त. मिठागरात ऊन काय करतं? फक्त पाणी उडवतं. मीठ आधीपासून मीठच होतं.

मिठाचं प्रकरण मात्र वेगळं. ते सोडियम आणि क्लोरीनचं संयुग आहे. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू, आणि दोघं जोडले गेले की आपण ते माशाच्या आमटीत घालतो. प्रमाणही ठरलेलं: एका सोडियमला एक क्लोरीन, मग ते मीठ शिरोड्याचं असो की गुजरातचं. म्हणजे संयुगात घटकांचा स्वभाव बदलतो, मिश्रणात प्रत्येक जण आपला स्वभाव राखून असतो. आणि सोडियमचे कितीही तुकडे केले तरी अणूपर्यंत सोडियमच मिळतो, म्हणून ते मूलद्रव्य. आजवर अशी ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत.

मूलद्रव्याची ओळख पटवायची एक भारी युक्ती तुमच्या स्वयंपाकघरातच दिसते. मीठ घातलेली पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. ज्योतीच्या उष्णतेने मिठातले थोडे सोडियम अणू सुटे होतात आणि तापले की ठरावीक पिवळा प्रकाश टाकतात. तो प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तर शेजारी शेजारी दोन पिवळ्या रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा स्वतःच्या रेषा असतात. आधार कार्डाच्या बोटांच्या ठशांसारखंच म्हणा. आणि गर्दीत मिसळलं तरी ठसे बदलत नाहीत.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. ते पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये तेजस्वी रेषा दिसल्या. जानसेन यांच्या लक्षात आलं की या रेषा ग्रहण नसतानाही बघता येतील. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर स्वतंत्रपणे त्याच मागे होते आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनाही त्या दिसल्या. त्यातली पिवळी रेषा आधी सोडियमचीच वाटली होती. पण जागा जुळेना. ती साधारण ५८७.६ नॅनोमीटरवर होती. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक! पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळत नाही म्हटल्यावर ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य यावरून नाव पडलं हेलियम.

मग विजयदुर्ग कुठे आला? लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमिनी’ जहाजावरची माणसं त्यांच्या मदतीला होती. तोवर हेलियम जुना झाला होता. १८९५ मध्येच विल्यम रॅमसे यांनी लंडनमध्ये युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली होती. त्यामुळे ‘शोध विजयदुर्गात लागला’ हे मला काही पटत नाही. पण ज्याने हेलियमला ओळखलं तो माणूस आपल्या देवगड तालुक्यात दुर्बिणी मांडून बसला होता, हे खरं आहे आणि मला तरी तेवढं पुरेसं भारी वाटतं. (पुढच्या वर्षी मेसेज आला की ग्रुपवर हे टाका. ॲडमिन चिडला तर बघून घेऊ.)

आता फोनकडे. २०१८ मध्ये शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलात एमआरआय मशीन बसवताना थंड हेलियम गळला आणि इमारतीत पसरला. सुमारे ४० आयफोन, आयपॅड, ॲपल वॉच बंद पडले. अँड्रॉइड फोन धडधाकट! कारण असं की फोनला वेळेचे ठोके देणारा भाग लागतो. पूर्वी तो क्वार्ट्झ स्फटिकाचा असायचा, या आयफोनमध्ये तो सिलिकॉनचा, सूक्ष्म आणि निर्वात डबीत बंद केलेला होता. हॉस्पिटलातली हवा हे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि हेलियमचं मिश्रण झालं होतं. नायट्रोजन, ऑक्सिजन जोडीने फिरतात आणि मोठे असतात, ते डबीबाहेरच राहिले. हेलियम कुणाशीच जोडी करत नाही. त्याचा एकटा, चिमुकला अणू डबीच्या आवरणातून आत झिरपला. कंपनं बिघडली, ठोके चुकले आणि प्रोसेसर थांबला.

असे फोन रिपेअरला न्यायचीही गरज नव्हती. हेलियम जसा आत शिरला तसाच हळूहळू बाहेर पडला आणि काही दिवसांत बहुतेक फोन आपोआप चालू झाले.