आश्रमशाळेतून अभियांत्रिकीकडे : वाट कुठे अडते?

गडचिरोली - सुरजागडच्या टेकड्यांतून लोहखनिज निघू लागले असून कोनसरीत त्यावर आधारित प्रकल्प उभे राहत आहेत. या उद्योगांत स्थानिक आदिवासी तरुण केवळ मजूर म्हणून राहणार की अभियंता म्हणूनही दिसणार, हे आश्रमशाळांतील विज्ञानाच्या तासावर अवलंबून आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे.

पहिला अडसर भाषेचा. घरी माडिया किंवा गोंडी आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी, अशा स्थितीत 'घनता', 'अभिक्रिया' हे शब्द समजण्याऐवजी पाठ केले जातात. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यघटनेत अनुच्छेद ३५०क आहे. मात्र गोंडीचा आठव्या अनुसूचीत समावेश नाही.

दुसरा अडसर दहावीनंतरचा. पदवीसाठी बारावी विज्ञान आणि सीईटी हा एकच मार्ग असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात दहावीनंतर गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. शेजारच्या चंद्रपुरात १९९६पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

तिसरा अडसर कागदपत्रांचा. राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि पडताळणीत ६ सप्टेंबर १९५०पूर्वीच्या नोंदींना महत्त्व असते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? महसुली नोंदी शोधण्यात महिने जातात. म्हणूनच अकरावीतच अर्ज करणे हिताचे ठरते.

या वाटेवरून पुढे गेलेल्यांपैकी एक म्हणजे कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी. कासनसूरची आश्रमशाळा, शिष्यवृत्तीच्या बळावर केळापूरचे शासकीय विद्यानिकेतन, गडचिरोलीत बी.एस्सी., नागपुरात एम.एस्सी. आणि अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची पीएच.डी. असा त्यांचा प्रवास. २०२२मध्ये ते मेरीलँडमधील औषधनिर्मिती कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते.

या यशामागे जिद्द होतीच. पण योग्य वयात मिळालेली शिष्यवृत्ती आणि चांगली निवासी शाळाही होती. जिद्द मुलांकडे आहे. उरलेल्या दोन गोष्टी पुरविणे ही शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहे.