जागेचा सौदा : इसार देण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली तेव्हा मनुष्य राहण्यासाठी घर बांधीत असे. हल्ली तो पैसा गुंतविण्यासाठीही घर किंवा भूखंड घेतो. यवतमाळात एखादा गृहस्थ नोकरीतून निवृत्त होतो, भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम त्याच्या हाती पडते न पडते तोच शहराबाहेरील शेतात दगड रोवून आखलेला भूखंड त्यास दाखविण्यात येतो. “आज घ्या, उद्या दुप्पट,” असे आश्वासनही मिळते. तीस वर्षांची पुंजी एका दुपारी गुंतून पडते ती अशी. यास्तव इसार देण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : विकणाऱ्याचा हक्क काय, जागा कशी आणि उत्पन्न किती?

पहिला प्रश्न हक्काचा. सातबाऱ्यावर बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र तेवढे वाचतात. परंतु तेथे ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास ती जमीन सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात ही दक्षता विशेष हवी. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या भागांत गोंड, कोलाम आदी जमातींची मोठी वस्ती आहे. आदिवासीची जमीन इतरांनी विकत घ्यावयाची तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये शासनाच्या पूर्वसंमतीने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. भूदानात वाटलेल्या जमिनीवरही निर्बंध आहेत. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते. तेथील महसुली परंपरेतून आलेल्या नझूल जागा, म्हणजे सरकारी पट्ट्याच्या जागा, शहरात आढळतात. त्यांची मुदत व अटी आधी पाहाव्यात. शेतकरी नसलेल्याने परवानगीवाचून शेतजमीन घेण्यास विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याचा प्रतिबंध आहे.

वडिलोपार्जित मिळकत असेल, तर केवळ भावांच्या सह्यांवर विसंबू नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही समान वाटेकरी आहेत. सासरी गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणजे दाव्याचे बीज पेरले गेले. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकीसाठी नोंदलेले खरेदीखतच हवे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील नव्या प्रकल्पाची सामान्यतः महारेराकडे नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या करारापूर्वी शेकडा दहाहून अधिक रक्कम घेण्याची विकासकास मुभा नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया कच्चा राहिल्यास भिंती तडकतात. मुरूम किती खोल लागतो, हे खड्डा खणून पाहावे. पायाचा वाढीव खर्च भूखंडाच्या किमतीतच धरावा. जागा पावसाळ्यात हिरवीगार दिसते. ती वैशाखात पाहावी व शेजाऱ्यांना पाण्याविषयी विचारावे. २०१८ ची पाणीटंचाई यवतमाळकर विसरले नसतील.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये; मुद्रांकशुल्क, नोंदणी व किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी ३ लाख. भाडे दरमहा १२,००० रुपये, पण वर्षातून एक महिना घर रिकामे धरावे. म्हणजे उत्पन्न १,३२,००० रुपये. कर व डागडुजीचे २४,००० वजा जाता १,०८,००० उरतात. ४३ लाखांवर हे शेकडा अडीच पडले! बँकेतील ठेवीच्या व्याजाशी ते ताडून पाहावे. उरलेली आशा केवळ भाव चढण्याची. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. लोहमार्गाने गावाचा उत्कर्ष होईल. परंतु प्रत्येक भूखंडाचा होईलच असे नाही.

खरेदीनंतरच्या अडचणींवरही उपाय आधीच योजावा. सीमेचा तंटा टाळण्यासाठी खरेदीपूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. भाडेकरू ठेवताना करार लेखी व नोंदलेला असावा. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तो बंधनकारक आहे.

वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तऐवजांचा शोध घेण्यास काही हजार रुपये आणि काही दिवस लागतील. विक्रेता तेवढेही थांबावयास तयार नसेल, तर गृहस्थाने इसाराची रक्कम खिशातच ठेवून घरी परतावे.