ब्रेक लावला की पुढे

15 फेब्रुवारी 2017 च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी37 ने 104 उपग्रह कक्षेत सोडले. तो आकडा आपण सगळ्यांनी अभिमानाने मिरवला. त्यातले 88 उपग्रह एकट्या ‘प्लॅनेट’ या अमेरिकी कंपनीचे, ‘डव्ह’ नावाचे, प्रत्येकी जेमतेम पाच किलोचे. एकाच रॉकेटमधून सुटल्याने ते पुंजक्याने निघाले होते. काम मात्र पृथ्वीभोवती माळेसारखं पसरून जमिनीचे फोटो काढण्याचं. आणि इंजिन एकाकडेही नव्हतं.

ती माळ हवेनं ओवली.

पाचशे किलोमीटरवरही हवेचे तुरळक कण असतात. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला तेवढेही जाणवतात. डव्हने आपले सौरपंख वाऱ्यासमोर आडवे धरले की रोध वाढतो, कडेने धरले की घटतो. भर वाऱ्यात उघडी छत्री आणि मिटलेली छत्री, इतकाच फरक.

यापुढची गोष्ट मला फार आवडते. रोध झाला की उपग्रह मागे पडेल, असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. ऊर्जा गमावल्याने तो थोडा खाली उतरतो; खालची कक्षा लहान आणि तिथला वेगही जास्त, त्यामुळे तो सोबत्यांच्या पुढे निघतो. उंचीत एका किलोमीटरचा फरक पडला, तर दर प्रदक्षिणेला सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरची आघाडी मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे 140 किलोमीटर. हवं तेवढं अंतर पडलं की मागच्यालाही त्याच उंचीवर उतरवायचं. मग दोघांमधलं अंतर टिकतं.

पण या युक्तीला घाई चालत नाही. रोध इतका नाममात्र की महिनोन् महिने लागतात, आणि गेलेली उंची परत मिळत नाही. आडव्या दिशेने सरकवण्याइतका जोर तर या विरळ हवेत जवळपास नसतोच. शिवाय सूर्य खवळला की वरची हवा फुगते. फेब्रुवारी 2022 मध्ये चुंबकीय वादळाने ती दाटली, आणि सुमारे 210 किलोमीटरवर नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक कोसळले. रोध कमी व्हावा म्हणून ते कागदासारखे कडेने उडवले होते, तरीही.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह जून 2016 मध्ये पीएसएलव्ही-सी34 मधून गेला, तेव्हा त्याच रॉकेटमध्ये बारा डव्ह होते. स्वयम्‌कडेही इंजिन नव्हतं. विद्यार्थ्यांच्या किलो-दीड किलोच्या पेटीत इंधनाची टाकी सहसा मावत नाही. पंख मात्र लावता येतात.